उंबर : सरपणाच्या भावात जाणारा माल

वर्धा जिल्ह्यात धाम, बोर, वणा या नद्यांच्या आणि नाल्यांच्या काठी उंबराची झाडे आपोआप उगवतात. उर्दूत यालाच गूलर म्हणतात. अंजिराचा हा रानटी भाऊबंद. पण झाड पडले की त्याची किंमत सरपणाच्या भावानेच होते. हा तोट्याचा सौदा आहे, असे आमचे मत आहे.

सुतार बांधवांची तक्रार खरी आहे. लाकूड मऊ, उघड्यावर लवकर कुजणारे. पाण्याखाली मात्र तेच टिकते, म्हणून पूर्वी विहीर बांधताना तळाशी उंबराचे लाकडी कडे बसवीत. सिमेंट आले आणि ते काम गेले. आता हलकी खोकी व स्वस्त फळ्या यांपलीकडे या लाकडावर भिस्त ठेवू नये.

कमाई आहे ती सालीत. वड, पिंपळ, पायर, पारसपिंपळ आणि उंबर या पाच सालींना वैद्य पंचवल्कल म्हणतात. जखम धुण्यास व गुळण्यांस त्यांचा काढा देतात. युनानी हकीमही गूलर वापरतात. औषधासाठी माल कोरडा आणि एकाच झाडाचा हवा. वडाची साल मिसळून वजन वाढविणाऱ्याचे पोते एकदा खपेल, दुसऱ्यांदा कोणी दारात उभे करणार नाही. साल सावलीत वाळवावी, बुरशी लागू देऊ नये.

खोडाभोवती गोल साल सोलली की झाड मरते. मजूर हे जाणतात. पण पैसे वजनावर मिळत असतील तर ते तरी काय करणार? छाटलेल्या फांद्यांची वा पडलेल्या झाडाचीच साल घेऊ, अशी अट भाव ठरवितानाच घालावी. ते व्यापाऱ्याच्या हाती आहे. शेतमालकाची संमती लेखी घ्यावी. बोरचे जंगल १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथला माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पारावरचा उंबर दत्ताचे स्थान म्हणून पुजला जातो, तो सौद्यात धरूच नये.

पाला बकऱ्या आवडीने खातात. फळ फोडले की चिलटे उडतात म्हणून लोक ते टाकून देतात, पण त्याच किड्यामुळे उंबराचे बी धरते. रोपवाटिकावाल्यांनी ते बी जमवावे. अंजिराच्या मुळांना सूत्रकृमी गाठी करतात. उंबराचा खुंट त्यांना दाद देत नाही, म्हणून त्यावर अंजिराचे कलम बांधतात. अशी रोपे तयार करणे हा कमी भांडवलाचा धंदा आहे.