मृगाच्या बाणाखालचा धूसर ठिपका

जानेवारीअखेर रात्री नऊच्या सुमारास रायपूरच्या दिव्यांपासून जरा लांब जा आणि दक्षिणेकडे उंच पाहा. मृगाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण लगेच सापडेल. त्याच्या खाली तीन मंद ठिपके आहेत. मधला धूसर दिसतो, कारण तो नुसता तारा नव्हे, वायू आणि धुळीचा तेजोमेघ आहे. तिथे आजही तारे जन्मतात. काहींभोवती धुळीच्या चकत्या आहेत, ज्यांतून पुढे ग्रह घडू शकतात. साध्या दुर्बिणीतूनही तो दिसतो. (फोटोतला गुलाबी रंग मात्र शोधू नका, डोळ्यांना तो करडाच दिसतो.)

अंतर सुमारे १,३०० प्रकाशवर्षं. म्हणजे आज दिसणारा उजेड तिथून निघाला, तेव्हा आपल्या जवळच्या सिरपूरचं विटांचं लक्ष्मण मंदिर आधीच उभं होतं.