युवराजाची आई राज्य कसं चालवत होती?

12 जानेवारीला सिंदखेडराजाच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. लखुजी जाधवांच्या राजवाड्यात 1598 साली जन्मलेल्या जिजाऊंना नमस्कार करायला बुलढाणा जिल्ह्यातूनच नव्हे, तर अख्ख्या महाराष्ट्रातून माणसं येतात. त्यांच्याविषयी आपण बहुधा एका आईची गोष्ट सांगतो: लेकाला रामायण-महाभारत ऐकवणारी, त्याच्या मनात स्वराज्य रुजवणारी आई. ही गोष्ट मलाही प्रिय आहे. पण तिच्या मागे एक बाजू झाकली जाते. जिजाबाई कारभार करत होत्या. त्यांच्या नावाची मुद्रा होती आणि त्यांच्या शब्दावर किल्लेदार हलत होते. अशा त्या एकट्याच नव्हेत. विदर्भात त्यांच्या आधी बाराशे वर्षं एका राणीने मुलाच्या नावाने राज्य चालवलं होतं. राजाची आई किंवा आत्या राज्य हाती घेते तेव्हा नेमकं काय होतं, हुकूम कोणाच्या नावाने निघतो, तो लोक का मानतात आणि हे सगळं कधी मोडतं, ते इथे सावकाश पाहू.

मुळाशी एक साधी अडचण आहे. वंशपरंपरेच्या राज्यात राजा अकाली गेला आणि वारस लहान असला, तर मधली दहा-पंधरा वर्षं कोणी काढायची? काकाकडे कारभार द्यावा, तर काकाचाही गादीवर हक्क पोचतो. सेनापतीकडे द्यावा, तर फौज आधीच त्याच्या हातात असते. आईची गोष्ट वेगळी. रिवाजाप्रमाणे ती स्वतः गादीवर बसणार नसते आणि मूल गेलं तर तिची सत्ताही जाते. मूल जगावं, मोठं व्हावं, यात जिचा सगळ्यात जास्त फायदा तीच राखणदार बरी, असा हा व्यवहार होता. दरबारी मंडळी आईला मान देत ते काही केवळ ममतेपोटी नव्हे. तीच सगळ्यांना कमी धोक्याची वाटे.

पण नुसत्या विश्वासाने राज्य चालत नाही. गावोगावच्या माणसांपर्यंत हुकूम पोचायला लागतो आणि तो खरा आहे हे पटायला लागतं. हे कसं घडे ते वाकाटकांच्या प्रभावतीगुप्तेकडे फार स्पष्ट दिसतं, कारण तिचे हुकूम तांब्यावर कोरलेले आहेत आणि ते आपल्या हाती आले आहेत.

प्रभावती ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त आणि नागकुळातली कुबेरनागा यांची मुलगी. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन तिचा नवरा. तो इसवी सन 400च्या आगेमागे अकाली वारला, तेव्हा मुलगे लहान होते. राजधानी नंदिवर्धन म्हणजे आजचं रामटेकजवळचं नगरधन. तिथून तिने काढलेला एक ताम्रपट पुण्याचा ताम्रपट म्हणून ओळखला जातो, कारण तो अभ्यासकांच्या हाती पुण्यात आला. दांगुण नावाचं गाव आचार्य चनालस्वामीला दान दिल्याचा तो दस्त आहे.

हा दस्त कसा रचलाय ते पाहण्यासारखं आहे. एरवी वाकाटकांचे ताम्रपट वाकाटकांच्या पूर्वजांपासून सुरू होतात. प्रभावतीने सुरुवात माहेरापासून केली. आधी गुप्तांची वंशावळ, घटोत्कचापासून पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त आणि मग वडील. त्यानंतर स्वतःची ओळख. गोत्रही तिने वडिलांचं, म्हणजे धारण सांगितलं. सासरचं विष्णुवृद्ध नाही. लिपीसुद्धा वाकाटकांची पेटीसारख्या डोक्यांची नाही, तर उत्तरेकडच्या गुप्त वळणाची आहे. सासरच्या राज्यात बसून ती सगळ्यांना सांगते आहे की माझ्या पाठीशी पाटलीपुत्र आहे. नवरा गेल्यावर हातात कारभार टिकवायचा तर माहेरचं बळ दिसलं पाहिजे, हे तिला पुरतं कळलेलं होतं.

मुद्रेवर मात्र ती वाकाटकांचीच आहे. तिथे ती स्वतःला युवराजाची आई म्हणवते, आणि वंशक्रमाने राज्यलक्ष्मी लाभलेल्या युवराजाच्या आईचं हे शासन शत्रूंना शासन करणारं आहे, अशा आशयाचा श्लोक तिथे आहे. युवराजाचं नाव दिवाकरसेन. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की यंत्रणा उलगडते. अधिकाराचा कायदेशीर उगम मुलात; तो चालवण्याचं वजन माहेरचं; आणि हुकूम तिच्या स्वतःच्या मुद्रेचा. ‘युवराजाची आई’ हे आपल्याला दुय्यम वाटतं. त्या काळी तोच अधिकाराचा दाखला होता.

आता दानाचा तपशील. ते गाव कशाकशातून मोकळं केलं याची यादी ताम्रपटात आहे: सैनिकांनी गावात शिरू नये; दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना गावाने बसायला गवत, कातडी आणि कोळसा पुरवू नये; मीठ, दारू आणि खाणी यांवरचा राजाचा हक्क इथे लागू नाही; जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर तेही दान घेणाऱ्याचंच. सूट कशाकशाची आहे हे वाचलं की एरवी सरकार गावाकडून काय काय वसूल करत असे ते आपोआप समजतं. आणि हे सगळे हक्क सोडून देण्याचा अधिकार ही बाई वापरते आहे. जे आपलं आहे तेच सोडता येतं. राज्य खरोखर तिच्या हातात होतं याचा यापेक्षा भक्कम पुरावा मला दुसरा दिसत नाही.

या ताम्रपटावर तेरावं वर्ष नोंदलेलं आहे. तेरा वर्षांनंतरही दिवाकरसेन युवराजच आहे. तो राजा झाल्याची खूण मिळत नाही. बहुधा तो आधीच वारला. पुढे दामोदरसेन आणि मग दुसरा प्रवरसेन हे तिचे मुलगे गादीवर आले. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, महानुभावांच्या त्या पवित्र गावात, तिचा दुसरा ताम्रपट मिळाला. तो प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या वर्षीचा आहे आणि तो निघाला रामगिरीच्या स्वामीच्या पायांपासून, म्हणजे रामटेकहून. मुलगा कर्ता राजा होऊन एकोणीस वर्षं झाली तरी आईचं दानपत्र आईच्याच नावाने निघत होतं. नगरधनच्या अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाचा आणि शंखाचं चिन्ह असलेला मातीचा ठसाही सापडला. एखाद्या वस्तूला किंवा दस्ताला राणीच्या शिक्क्याची मोहर लागत होती, याची ती हातात धरता येणारी साक्ष.

आता आपल्या बाजूचं, पश्चिम विदर्भाचं पाहा. वाकाटकांची दुसरी शाखा वत्सगुल्मात, म्हणजे वाशिमला होती, आणि आजचा बुलढाणा जिल्हा तिच्याच टापूत येतो. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या लेखात या शाखेच्या एका राजाविषयी लिहिलंय की तो आठ वर्षांचा असताना गादीवर आला आणि त्याने राज्य चांगलं चालवलं. आठ वर्षांचं मूल राज्य चांगलं चालवत नसतं. कोणीतरी ते चालवलं. लेखात त्या माणसाचा किंवा बाईचा उल्लेख नाही. प्रभावतीचे ताम्रपट हाती लागले नसते तर तिच्याविषयीही आपण असंच एक वाक्य वाचून पुढे गेलो असतो. म्हणून वंशावळीत लहान राजा दिसला की मुद्रा कोणाकडे होती, हे विचारायची सवय लावून घ्यायला हवी.

राणी स्वतःच राजा होण्याची वाटही होती, पण ती क्वचित. सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणत. त्या यादवांच्या शेजारी काकतीयांच्या राज्यात गणपतिदेवाला मुलगा नव्हता, म्हणून मुलगी रुद्रमा तेराव्या शतकात गादीवर आली आणि लेखांत रुद्रदेव महाराज असं पुरुषी नाव लावून राज्य करू लागली. यादव महादेवाशी तिचं युद्ध झालं. यादवांचा मंत्री हेमाद्री लिहितो की महादेवाने तिला स्त्री म्हणून सोडून दिलं. पण बिदरला सापडलेला काकतीय लेख विजय तिच्या पदरात घालतो. तिनेही पुढे मुलीचा मुलगा प्रतापरुद्र याला वारस केलं.

वऱ्हाडाच्या नशिबाशी सगळ्यात जवळून जोडलेली राजप्रतिनिधी मात्र चांदबिबी. मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला 1591 साली लढाई झाली, तिच्यात अहमदनगरचा सर्वेसर्वा झालेला जमालखान मारला गेला आणि बुऱ्हाण निजामशाह गादीवर आला. बुऱ्हाण हा चांदबिबीचा भाऊ. 1595 साली तो वारला, त्याचा मुलगा इब्राहीम काही महिन्यांतच लढाईत पडला आणि अहमदनगरात वारसांवरून चार तट पडले. त्यातल्या एकाने, मियान मंजूने, मोगलांना बोलावलं. चांदबिबीने इब्राहीमच्या तान्ह्या मुलाला, बहादूरला सुलतान म्हणून पुढे केलं आणि अकबराचा मुलगा मुराद वेढा घालून बसला असताना किल्ला लढवला.

हे काम तिला नवखं नव्हतं. नवरा अली आदिलशाह 1580 साली मारला गेल्यावर विजापुरात तिने लहान पुतण्या इब्राहीमसाठी कारभार पाहिला होता. त्याआधी तिची आई खुंझा हुमायूनने अहमदनगरात मुलगा मुर्तझासाठी राज्य चालवलं आणि शेवटी त्याच मुलाने तिला कैद केलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातल्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या सचित्र हस्तलिखितात राजाशेजारी तिची चित्रं होती. तिच्या पाडावानंतर त्यांतल्या काहींत तिच्या आकृतीवर रंग फासला गेला. मुलगा मोठा झाला आणि दरबारातल्या एका गटाने त्याच्या कानाला लागायला सुरुवात केली की आईची सत्ता किती लवकर उलटते, ते या पुसलेल्या चित्रांत दिसतं.

चांदबिबीचं संकट निराळं होतं. मूल तिच्या हातात होतं, पण फौज आणि सरदार तिच्या मुठीत नव्हते. म्हणून 1596 साली तिने तह केला: बहादूरचं सुलतानपद मोगलांनी मान्य करावं आणि बदल्यात वऱ्हाड त्यांना द्यावं. मुलाची गादी वाचवायला तिने अख्खा सुभा दिला. मेहकर हे अकबराच्या वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार म्हणून ‘ऐन-इ-अकबरी’त नोंदलं गेलं, ते या व्यवहाराचं फळ. तिला याबद्दल दोष देणारे आहेत. मला तो सौदा नाइलाजाचा आणि शहाणपणाचा वाटतो. अहमदनगरला त्याने चार वर्षं मिळवून दिली. 1600 साली पुन्हा वेढा पडला, ती तहाची बोलणी करू पाहत होती, तेव्हा फितुरीच्या अफवेने भडकलेल्या आपल्याच लोकांनी तिला मारलं आणि किल्ला पडला.

त्या तहानंतर दोन वर्षांनी सिंदखेडला जिजाबाईंचा जन्म झाला. त्यांचं जे पुढे झालं ते या नेहमीच्या चौकटीत बसत नाही. नवरा जिवंत होता, पण शहाजीराजे बंगळुराकडे. पुण्याच्या जहागिरीत जिजाबाई आणि शिवबा राहिले, आणि मुरार जगदेवाने 1630 साली उद्ध्वस्त केलेलं पुणे दादोजी कोंडदेवांच्या मदतीने पुन्हा वसवलं गेलं. माहेरचं बळ म्हणाल, तर तेही तुटलेलं: 1629 साली निजामशाहाने देवगिरीच्या किल्ल्यात लखुजी आणि त्यांच्या मुलांना दगा देऊन मारलं होतं. प्रभावतीपाशी होता तसा सम्राट बाप जिजाबाईंच्या पाठीशी नव्हता. 1664 साली शहाजीराजे गेल्यावर त्या सती जायला निघाल्या आणि शिवाजीराजांनी त्यांना थांबवलं, असं बखरी सांगतात.

खरी परीक्षा 1666 साली आली. आदल्या वर्षीच्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले होते, बारा उरले होते. राजे मार्चमध्ये आग्र्याला निघाले ते नऊ वर्षांच्या संभाजीराजांना घेऊन. कारभार जिजाबाईंकडे सोपवला आणि मोरोपंत पिंगळे, अण्णाजी दत्तो यांच्यासारखी माणसं त्यांच्या हाताखाली दिली. हे नीट ध्यानात घ्या: राजारामांचा जन्म 1670चा, म्हणजे त्या वेळी मागे एकही वारस नव्हता. राजा कैदेत, युवराज त्याच्यासोबत कैदेत, आणि ज्याच्या नावाने हुकूम काढायचा असं मूलसुद्धा राजगडावर नाही. आजवर पाहिलेल्या कोणत्याही राणीवर ही वेळ आली नव्हती. तरी किल्लेदार फुटले नाहीत, कारभारी पळाले नाहीत, उलट रांगण्याचा किल्ला याच काळात स्वराज्यात आला. राजे 17 ऑगस्टला आग्र्याहून निसटले आणि राजगडावर परत आले तेव्हा राज्य होतं तसं हाती मिळालं. इथे नात्याच्या अधिकारापेक्षा तीस वर्षं मावळात राहून, माणसं ओळखून, निवाडे करून कमावलेलं वजन कामाला आलं. राज्याभिषेक 6 जून 1674 रोजी पाहून त्या 17 जूनला पाचाडला वारल्या.

पुढच्याच वर्षी ताराबाईंचा जन्म झाला, राजारामांची पत्नी म्हणजे जिजाबाईंची नातसून. 1700 साली राजाराम वारल्यावर त्यांनी लहान मुलगा शिवाजी याच्या नावाने औरंगजेबाविरुद्ध सात वर्षं राज्य लढवलं. 1714 साली सवत राजसबाईने त्यांना मुलासकट कैदेत टाकलं आणि आपला मुलगा संभाजी गादीवर बसवला. मूल बदललं, सत्ता बदलली. ताराबाई हे विसरल्या नाहीत. डिसेंबर 1749मध्ये शाहू महाराज वारले, तेव्हा त्यांनी रामराजाला आपला नातू म्हणून पुढे आणलं आणि तो गादीवर बसलाही. पेशव्यांविरुद्ध तो आपलं ऐकेना, तेव्हा पुढच्याच वर्षी, पंचाहत्तरीच्या ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं.