सेन्सर गप्प, बेअरिंग कोरडे!

चालत्या मशीनला हाताने ग्रीस देणे म्हणजे बोटांशी खेळ. म्हणूनच १९४८ च्या कारखाना कायद्याने ते काम फक्त खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगारावर, तेही घट्ट कपड्यांत, सोपवले होते. आता बऱ्याच मशीनवर पंप आपोआप ग्रीस देतो. वाटप करणाऱ्या ठोकळ्यात दट्ट्ये एकामागून एक सरकतात. एक नळी तुंबली की सगळेच थांबतात. सेन्सर ते ओळखतो, लाल दिवा लागतो.

पण ठोकळ्यापुढची नळी तुटली, तर ग्रीस जमिनीवर सांडते आणि दट्ट्ये चालूच राहतात. दिवा लागत नाही!

म्हणून कामगार बंधूंनो, आम्ही सांगतो, मशीन बंद असताना नळ्या डोळ्यांनी पाहा. तुटकी दिसली तर लेखी कळवा, नक्कल जपा. उद्या बेअरिंग जळाले, तर तोच कागद तुमच्या बाजूने बोलेल.