‘कार्यशाळेचं चित्र’ म्हणजे कमअस्सल चित्र नव्हे

संग्रहालयात पाटीवर ‘कार्यशाळा’ हा शब्द दिसला की बहुतेक प्रेक्षक पुढे सरकतात. मोठ्या चित्रकाराच्या हातचं नाही, म्हणजे नक्कल. आणि नक्कल म्हणजे दुय्यम, असा हिशेब मनात आपोआप होतो. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्समध्ये घरच्या प्रार्थनेसाठी काढलेल्या मरिया आणि बाळ येशूच्या असंख्य चित्रांवर या हिशेबाने मोठा अन्याय केला आहे. ही चित्रं कोणासाठी, कशासाठी आणि कशी तयार झाली, हे कळलं की हा हिशेब टिकत नाही.

‘खरा’ चित्रकार एकटा, आपल्या प्रतिभेच्या तंद्रीत काम करतो, ही कल्पनाच मुळात फार नंतरची. त्या काळचा फ्लॉरेन्समधला चित्रकार दुकान चालवत असे. त्याचा संघ वैद्य आणि औषधविक्रेत्यांचा, कारण रंगद्रव्यं औषधाच्या दुकानातच मिळत. पोरवयात मुलगा उमेदवारीला लागायचा. रंग खलायचे, सरस शिजवायचा, फळ्या घासायच्या, मग चित्रातली वस्त्रं आणि पार्श्वभूमी, आणि हात बसल्यावर चेहरे. तरुण लिओनार्दो व्हेरोक्क्योच्या कार्यशाळेत असाच घडला. फिलिप्पो लिप्पीच्या हाताखाली बोत्तिचेल्ली शिकला, आणि पुढे लिप्पीचाच मुलगा फिलिप्पिनो बोत्तिचेल्लीच्या कार्यशाळेत आला. मालकाचं नाव म्हणजे त्या दुकानाच्या मालाच्या दर्जाची हमी. त्याने प्रत्येक फटकारा स्वतः मारावा अशी अपेक्षा असेल, तर गिऱ्हाईक ती करारात लिहून घेई. प्येरो देल्ला फ्रान्चेस्काने १४४५ मध्ये सान्सेपोल्क्रोच्या एका धार्मिक मंडळासाठी वेदीचित्राचं काम घेतलं, तेव्हा प्येरोखेरीज दुसऱ्या चित्रकाराने कुंचला धरायचा नाही, अशी अटच मंडळाने घातली होती. एरवी बाकीचे हात लागणं हाच रिवाज होता, म्हणून तर अशी अट घालावी लागे.

दुसरा समज असा की ही सगळी चित्रं धनवंतांनी मुद्दाम सांगून करून घेतली. वेदीवरच्या भव्य चित्रांबाबत ते खरं आहे. घरगुती चित्रांचा मोठा भाग मात्र तयार मालासारखा विकला जाई. प्रातोचा व्यापारी फ्रान्चेस्को दातीनी १३७३ मध्ये आव्हिन्योंला राहत होता. त्याने फ्लॉरेन्सहून मिटणाऱ्या झडपांचं चित्र मागवलं. मधोमध क्रूसावरचा येशू असो की मरिया, जे मिळेल ते चालेल. आकृत्या मोठ्या, देखण्या हव्यात आणि किंमत साडेपाच ते साडेसहा फ्लोरिन नाण्यांच्या आत. कापडाची मागणी करावी तशी ही मागणी आहे. पुढच्या शतकातल्या नेरी दी बिच्ची या चित्रकाराची १४५३ ते १४७५ सालांची हिशेबवही आजही उपलब्ध आहे. तिच्यात मोठ्या घराण्यांच्या शेजारी साधे कारागीरही गिऱ्हाईक म्हणून भेटतात. लाकडी चित्र न परवडणाऱ्यांसाठी साच्यातून काढलेले प्लास्टरचे उठाव होते. नेरी त्यांनाही रंग देऊन विकण्याजोगे करी, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटला असेल असं वहीवरून तरी दिसत नाही.

आता चित्रं लागायची कुठे? ती दिवाणखान्याची शोभा होती, असं आज वाटतं, कारण आपण ती संग्रहालयाच्या मोकळ्या भिंतीवर पाहतो. त्या काळच्या घरांच्या सामानाच्या याद्यांमध्ये मरियेच्या चित्राची नोंद वारंवार येते, आणि बहुधा शयनगृहात. आपल्या देवघरासारखी वेगळी जागा साधारण घरात नसे. निजायच्या खोलीतच पलंग, पेटारे आणि भिंतीवर मरिया. बाळंतपण तिथे, आजारपण तिथे, आणि पुष्कळदा मरणही तिथेच. चित्रापुढे दिवा किंवा मेणबत्ती असे, कधी पडदा, कधी झडपा. दिव्याच्या खालून येणाऱ्या, हलत्या उजेडात चित्रातलं सोनं जसं जागं होतं, तसं संग्रहालयाच्या एकसारख्या प्रकाशात होत नाही.

ही चित्रं मुलांसाठीही होती, हे फार जणांना माहीत नसतं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला जोव्हान्नी दोमिनीची या डोमिनिकन साधूने नवरा हद्दपारीत असलेल्या एका फ्लॉरेन्टाइन बाईसाठी संसार आणि मुलांच्या संगोपनावर ग्रंथ लिहिला. घरात बालसंतांची आणि बाळ येशूची चित्रं असावीत, म्हणजे मुलं त्यांच्यात स्वतःला पाहतील, असा त्याचा सल्ला. मरियेच्या कडेवरच्या बाळाच्या मुठीत पाखरू किंवा डाळिंब असावं, इथपर्यंत तो तपशील देतो. आणि सोन्याचांदीची सजावट टाळा म्हणतो, नाहीतर पोरं भक्त होण्याआधी मूर्तिपूजक व्हायची! कार्यशाळांनी हा शेवटचा सल्ला फारसा मनावर घेतला नाही.

म्हणूनच बाळाच्या हातातलं पाखरू, डाळिंब, गळ्यातलं पोवळं हे सगळं ‘नुसतं गोजिरं’ म्हणून सोडून देऊ नये. डाळिंबाचे लाल दाणे आणि डोक्यावर तांबडा ठिपका असलेला गोल्डफिंच पक्षी येशूच्या पुढच्या यातनांची आठवण करून देतात. पोवळं मात्र थेट घरातलं. नजर आणि रोगराईपासून रक्षण व्हावं म्हणून तिथल्या आया खऱ्याखुऱ्या तान्ह्या मुलांच्या गळ्यात ते घालत. कित्येक मुलं लहानपणीच दगावत होती, त्या काळात चित्रातल्या बाळाच्या गळ्यातही तेच पोवळं पाहणाऱ्या आईला काय वाटत असेल? मला ही चित्रं सगळ्यात जवळची वाटतात ती इथे.

‘मूळ एकच, बाकी सगळ्या प्रती’ हाही आजचा कायदा आहे. एक चांगली रचना जमली की तिचा पूर्ण आकाराचा कागद तयार होई, रेषांवर सुईने टोचून भोकं पाडत, फळीवर कागद ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटत, की ठिपक्यांतून चित्र उतरे. एकाच कागदातून दोन-चार मरिया, कधी उलट्या बाजूने, कधी मागचं निसर्गदृश्य बदलून. फ्लॉरेन्समध्ये तर एका कार्यशाळेने लिप्पी आणि पेसेल्लीनो या चित्रकारांच्या रचना घेऊन घरगुती चित्रांचा धडाकाच लावला होता. भाविकाला यात वावगं काही नव्हतं. पूज्य चित्राची प्रत जितकी हुबेहूब, तितकी ती मोलाची. गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोचले, तेव्हा त्यांच्यासोबत रोममधल्या सांता मारिया माज्जोरे चर्चमधल्या मरियेच्या चित्राची अशीच प्रत होती, आणि अकबराने तिला मान दिला.

रंगांविषयीचे गैरसमज थोडक्यात सांगता येतील. ही चित्रं बहुतेक करून कॅनव्हासवरची तैलचित्रं नाहीत. पॉप्लरच्या फळीवर सरसात कालवलेल्या जिप्समचे एकावर एक लेप, आणि त्यावर अंड्याच्या पिवळ्या बलकात मिसळलेले रंग. शतकाच्या अखेरीकडे तेल हळूहळू आलं. इ. स. १४०० च्या सुमारास चेन्नीनो चेन्नीनीने या धंद्यावर पुस्तक लिहिलं. तरुण चेहऱ्यांसाठी शहरी कोंबडीचं अंडं घ्यावं, कारण तिचा बलक गावच्या कोंबडीपेक्षा फिका असतो, हे तो आवर्जून सांगतो. सोनं म्हणजे सोनेरी रंग नव्हे. तांबड्या चिकणमातीवर खऱ्या सोन्याचा वर्ख, कुत्र्याच्या दाताने किंवा गुळगुळीत दगडाने घोटलेला. कडेला झिजलेल्या जागी ती तांबडी माती डोकावते, जरूर पाहा. मरियेचं निळं वस्त्र दर वेळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दचंच असेल असंही नाही; बेताच्या किमतीच्या चित्रात स्वस्त अॅझुराइट वापरत. आणि काही चेहरे हिरवट दिसतात त्यामागे कसलाही गूढ संकेत नाही. त्वचेखाली मुद्दाम हिरव्या मातीचा थर देत. वरचा गुलाबी थर झिजला की तो उघडा पडतो.

‘कार्यशाळा’ लिहिलं म्हणजे तज्ज्ञांना नक्की सांगता आलं नाही, हा आणखी एक समज. उलट अनेकदा तो फार मेहनतीने काढलेला निष्कर्ष असतो. लंडनमधल्या ग्रिनिचच्या रेंजर्स हाऊसमध्ये बोत्तिचेल्लीच्या ‘डाळिंबाची मरिया’ या रचनेची एक आवृत्ती आहे. मूळ चित्र, साधारण १४८७ चं, फ्लॉरेन्सच्या उफ्फीत्सी संग्रहालयात आहे. ग्रिनिचचं चित्र कुणीतरी नंतर केलेली नक्कल म्हणून बाजूला पडलं होतं. जाड पिवळं व्हार्निश काढल्यावर, क्ष-किरण, अवरक्त प्रकाश आणि रंगद्रव्यं यांच्या तपासणीनंतर २०१९ मध्ये ते बोत्तिचेल्लीच्याच कार्यशाळेतलं ठरलं. रंगाखाली रचनेत केलेले बदल सापडले. नुसती नक्कल उतरवणारा असे बदल सहसा करत नाही.

याच्या उलट, जुनेपणा दिसला की अस्सल मानणंही धोक्याचं आहे. सिएनाच्या इचिलिओ फेदेरिको योनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अशी बनावट घरगुती मरियाचित्रं इतक्या कौशल्याने बनवली की नामांकित संग्राहक फसले. १९३२ मध्ये त्याने त्यावर आत्मचरित्रही लिहिलं. भेगा आणि किडीची भोकं मुद्दाम पाडता येतात.

पाटीवरचे शब्द म्हणूनच नेमकेपणाने वाचायला हवेत. ‘कार्यशाळा’ म्हणजे त्या चित्रकाराच्या दुकानात, त्याच्या देखरेखीखाली झालेलं काम. ‘वर्तुळ’ म्हणजे त्याच काळातल्या, त्याच्या प्रभावाखालच्या कुणाचं, पण दुकानातलंच असेल असं नाही. ‘अनुयायी’ म्हणजे शैली त्याची, हात दुसऱ्याचा, कदाचित नंतरचाही. ‘प्रत’ म्हटलं तर ती कुठल्याही काळातली असू शकते. यांपैकी पहिला शब्द दिसला तर कृपा करून पुढे सरकू नका.