महामार्गावर कुठे थांबावे?
भरधाव वाहनातून जेवणाची चव कळत नाही आणि शौचालयाची स्वच्छताही दिसत नाही. त्यामुळे महामार्गावर कुठे थांबायचे हे प्रवाशाला बाहेरून दिसणाऱ्या खुणांवरूनच ठरवावे लागते. ढाब्यासमोर उभी मालमोटारींची रांग ही त्यांतली सर्वांत जुनी खूण असून, गिऱ्हाईक जास्त म्हणजे अन्न शिळे राहत नाही, हा तिच्यामागचा तर्क बराचसा खरा आहे. मात्र तीच रांग पाहून सहकुटुंब निघालेला माणूस अनेकदा पुढे जातो, कारण तेथे स्त्रियांसाठी वेगळे आणि स्वच्छ शौचालय असेल याची त्याला खात्री वाटत नाही. असे शौचालय वाटेत मिळणार नाही या धास्तीने अनेक स्त्रिया प्रवासात पाणी पिणेच टाळतात, म्हणून थांब्याची पहिली कसोटी जेवण नव्हे, शौचालय हीच मानली पाहिजे.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर थांबे भूगोलानेच ठरवून दिले होते. बोरघाट चढण्यापूर्वी खोपोलीला वडापाव आणि घाट चढल्यावर लोणावळ्याला चिक्की, असा क्रम प्रवाशांच्या अंगवळणी पडला होता. 2002 मध्ये पूर्ण झालेला सुमारे 94 किलोमीटरचा द्रुतगती मार्ग प्रवेशनियंत्रित, म्हणजे ठरावीक ठिकाणीच आत-बाहेर करता येणारा, असल्यामुळे रस्त्याकडेची हॉटेले निवडीतून बाद झाली आणि मोजके फूड मॉल तेवढे उरले.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाने हा प्रश्न अधिक तीव्रपणे समोर आणला. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला, तेव्हा रस्ता तयार होता, पण विसाव्याच्या सोयी फारच अपुऱ्या होत्या. परिणामी चहासाठी महामार्ग सोडून खाली उतरायचे की तसेच पुढे जायचे, एवढाच पर्याय चालकापुढे राहिला. सरळ, एकसुरी रस्त्यावर न थांबता वाहन चालवत राहिल्यास डोळे उघडे असूनही अवधान हरपते, या अवस्थेला महामार्ग संमोहन म्हणतात, आणि समृद्धीवरील अपघातांनंतर तिची बरीच चर्चा झाली.

एसटीच्या प्रवाशाला तर निवडच नसते, कारण बस महामंडळाने ठरवलेल्या अधिकृत थांब्यावरच थांबते. म्हणून तेथील स्वच्छतेची जबाबदारी महामंडळावर अधिक येते. मालमोटारचालकाची अडचण वेगळी आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या 1961 च्या कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती, परंतु अवजड मालमोटार सुरक्षितपणे उभी करण्याइतकी जागा वाटेत नसेल, तर चालकाला ती विश्रांती घेता येत नाही.