अळूचे खाचर, श्वासाची माय

पश्चिम पॅसिफिक महासागरातील पलाऊ हा तीनशेहून अधिक बेटांचा देश. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या अवघी साडेसतरा हजारांच्या घरात आहे. एवढ्याशा समाजाने स्वतःची भाषा जपली, हेच नवल. कारण स्पेननंतर १८९९ मध्ये जर्मनी, १९१४ मध्ये जपान आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका अशा चार सत्ता येथे नांदल्या. स्वातंत्र्य मिळाले ते १९९४ मध्ये.

पलाऊमध्ये कोणी भेटले की 'आलीई' म्हणायचे. सकाळी 'उंगील तुताऊ', म्हणजे सुप्रभात. आभार मानताना 'सुलांग'. 'उंगील' म्हणजे चांगले. या सत्तांच्या खुणाही रोजच्या बोलण्यात आढळतात. छायाचित्राला 'सियासिंग' म्हणतात. मूळ जपानी शब्द 'शाशिन'. बिअर पिण्याला 'त्सुकारेनाओस' म्हणतात. जपानीत त्याचा मूळ अर्थ 'शीण घालवणे'. परका शब्द घेतला, पण त्याला अर्थ मात्र स्वतःचा दिला! देशाच्या संसदेचे नाव आहे 'ओल्बील एरा केलुलाऊ', म्हणजे कुजबुजीतून निर्णय होणारे सभागृह. परंपरेने वडीलधारे पुढारी 'बाय' या सभागृहात हलक्या आवाजात सल्लामसलत करीत. आरडाओरडा असभ्य मानला जाई.

या भाषेचे मर्म सांगणारी एक म्हण आहे : 'आ मेसेई आ देलाल आ तेलिद'. 'मेसेई' म्हणजे अळूचे पाणथळ खाचर, 'देलाल' म्हणजे त्याची आई आणि 'तेलिद' म्हणजे आपला श्वास. अळूचे खाचर ही आपल्या श्वासाची माय आहे, असा तिचा अर्थ. अळूचे कंद हे पलाऊचे पारंपरिक मुख्य अन्न. पुरुषांनी मासेमारी करायची आणि बायकांनी खाचर राखायचे, अशी तेथील जुनी वाटणी. घराण्याचा वारसाही प्रामुख्याने आईकडून चालतो. त्यामुळे म्हणीतील 'माय' ही केवळ उपमा उरत नाही.

'तेलिद'मधील शेवटचा 'द' मराठी वाचकाला सहज उमगावा. पलाऊ भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' यांसाठी वेगळी सर्वनामे आहेत : ऐकणाऱ्याला वगळणारे 'केमाम' आणि त्याला सामावून घेणारे 'किद'. मराठीत हा भेद आहे. हिंदी वा इंग्रजीत नाही. म्हणीतील 'द' हा 'आपला' सांगणारा आहे. बोलणारा आणि ऐकणारा या दोघांचाही श्वास त्या चिखलावर अवलंबून आहे, एवढा अर्थ त्या एका अक्षरात सामावला आहे.

आज या म्हणीचे दोन्ही आधार डळमळीत झाले आहेत. ताटात आयात तांदूळ व डबाबंद अन्न आले आहे आणि समुद्राची पातळी वाढल्याने किनाऱ्यालगतच्या खाचरांत खारे पाणी शिरत आहे. दुसरीकडे पलाऊ व इंग्रजी या दोन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा असला, तरी शिक्षण व नोकरीसाठी अमेरिकेची वाट धरणाऱ्या तरुणांना इंग्रजीच जवळची वाटते. खाचर न पाहिलेल्या मुलाला म्हणीचा शब्दार्थ पाठ करता येईल. पण तो श्वास 'आपला' का, हे कोण समजावणार? भाषा टिकवायची तर शब्दकोशाइतकीच चिखलात उतरणाऱ्या हातांचीही गरज आहे.