चप्पल घालून बटण दाबताय?

पावसात भिजून रूमवर आलात, ओल्या हातानेच लाइट लावायला गेलात आणि बोटाला बारीकशी झिणझिणी आली. काय केलंत? बहुतेक चप्पल घालून पुन्हा बटण दाबलंत. महाडमधल्या आमच्या भाड्याच्या खोलीत आम्ही तिघं एक अख्खा पावसाळा हेच करत होतो. बोर्डाखाली चपलांचा जोड कायम ठेवलेला, पाहुण्यांसाठीसुद्धा!

शेवटी वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी मेन बंद करून बोर्ड उघडला. भिंतीत पत्र्याचा बॉक्स, लाल वायर, काळी वायर. हिरवी? नाहीच. ‘अर्थिंगच नाय, मग करंट जाणार कुठनं? तुमच्यातनंच ना!’

गंमत अशी की प्लॅस्टिकच्या बटणाला स्वतःची अर्थिंग नसतेच. ती लागते मागच्या पत्र्याच्या बॉक्सला आणि थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला. आत लाल वायर सैल होऊन बॉक्सला टेकली की प्लेटचे स्क्रूसुद्धा २३० व्होल्टवर येतात. हिरवी वायर असेल तर करंट तिच्यातून जमिनीत जातो, तो एवढा मोठा असतो की एमसीबी पडतो. ती नसेल तर एमसीबी ढिम्म. त्याला पडायला कित्येक अँपिअर लागतात आणि माणसाचा जीव जायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका करंटही पुरतो. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही हवा.

आपल्याकडे हे जास्त का लागतं? २२ जुलै २०२१ आठवा. सावित्रीचं पाणी महाडच्या तळमजल्यांत शिरलं, त्याबरोबर चिखल बोर्डांत. वरून भिंत धुऊन रंग मारता येतो, पण आतला गंजलेला बॉक्स आणि सैल स्क्रू तसेच राहिले तर? पोलादपूरला पूर नसला तरी घाटाखालचा पाऊस भिंती ओल्या ठेवतोच.

एक जुगाड मात्र चालवून घेऊ नका. अर्थिंगचा खड्डा खणायचा कंटाळा, म्हणून काही जण सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल जोडून टाकतात. पुढे न्यूट्रल कुठे तुटली की फ्रिजपासून इस्त्रीपर्यंत सगळ्याचा पत्रा ‘लाइव्ह’. हे अर्थिंग नसण्यापेक्षा वाईट. आणि खड्डा असला तरी मे महिन्यात माती ठणठणीत कोरडी होते, तेव्हा त्यात पाणी ओतावं लागतं. मीठ-कोळसा घालतात तो ओल धरावी म्हणूनच.

खोली बघायला जाल तेव्हा वायफायच्या आधी हे विचारा. बोर्ड स्वतः उघडू नका, वायरमनला फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावायला सांगा. अर्थिंग धड असेल तर दिवा लख्ख पेटेल, आरसीसीबी असेल तर तो पडेल. दोन्ही नाही झालं, तर मालकांशी बोला.

आमचे मालक आधी म्हणाले, ‘वीस वर्षांत कुणाला काय झालं नाय.’ मग काकांनी टेस्टर स्क्रूला लावून पेटलेला दिवा दाखवला. अर्धे पैसे त्यांनी दिले, अर्धे आम्ही तिघांनी काढले.